आठवीचं गणित, इंग्रजीतून

१२ एप्रिल १९९४

आठवी जूनपासून इंग्रजी माध्यमात जाणार. संस्थेचे सचिव आबासाहेब आज स्वतः स्टाफरूममध्ये येऊन सांगून गेले, म्हणजे आता ती अफवा राहिली नाही. नववी-दहावी मराठीतच राहील, पण तिथलं गणित हेडसर घेतात. सातवीच्या खाली पोरंच उरली नाहीत. तेव्हा गणिताला आठवीपुरता एकच शिक्षक ठेवणार. आम्ही दोघं आहोत — मी आणि उमाजी सर. चार जूनला कमिटीसमोर दोघांचा पाठ होईल, इंग्रजीतून. एकाला ठेवतील. दुसऱ्याला जावं लागेल.

कुणीतरी बोललं की मराठी शाळा आहे, जरा विचार करा. आबासाहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्यापैकी कुणाचं लेकरू या शाळेत आहे, सांगा."

कुणाचंच नाही. माझी निशिगंधा एल.के.जी.पासून इंग्रजीत. उमाजी सरांची दोन्ही मुलं तशीच. 

१३ एप्रिल

बावीस वर्षं शिकवलेला धडा इंग्रजी पुस्तकात वाचला. चार ओळींना अर्धा तास लागला.

२४ एप्रिल

सुट्टी लागली. निशिगंधा रोज चार ते सहा मला शिकवते. ती इंटरला, अकरावीत आहे. मराठी अक्षर लावून लावून वाचते, पण इंग्रजी कसं फाडफाड! मी त्रिकोणाचा धडा म्हणून दाखवते, ती पलंगावर पाय हलवत ऐकते. "मम्मी, तू हिशेब मनात मराठीत करते आणि मग बोलते. मध्ये गॅप पडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, तुला येत नाही."

मी म्हटलं, गणित मला तुझ्यापेक्षा जास्त येतं. ती म्हणाली, "हौ, पण कमिटीला थोडंच येतं?"

पोरगी खरं बोलली. त्याचाच राग आला.

३ मे

अफझलगंजच्या लायब्ररीत गेले होते. आठवीच्या गणिताचं एक जुनं, सोप्या इंग्रजीतलं पुस्तक आहे म्हणून कळलं होतं. ते उमाजी सरांच्या पुढ्यात उघडं! एकच प्रत. त्यांनी हसून शेजारची खुर्ची ओढली. दोघं एकाच पुस्तकात बघत बसलो, माझ्या वर्गातली पोरं बसतात तसे.

त्यांच्या वहीत धडा इंग्रजीत आणि समासात मराठी. पोर कुठे अडेल, काय विचारेल, मग काय करून दाखवायचं — ते सगळं समासात. मी असं काहीच काढलं नव्हतं. मी फक्त वाक्यं पाठ करत होते.

निघताना म्हणाले, "बाई, इंग्रजीत तोंड उघडलं की मी पुरा हौला, येडाच दिसतो. निशिगंधाला वेळ असेल तर आठवड्यातून एखादा तास येऊ का?" मी सांगितलं, तिचा कॉम्प्युटरचा क्लास आहे, जमणार नाही.

कसलाही क्लास नाही.

४ मे

ह्यांना, नामदेवरावांना, कालचं सगळं सांगितलं. डेपोत जायची घाई होती त्यांना. म्हणाले, उमाजी सरांची नोकरी वाचवायला तुझी देणार आहेस का? उत्तर बरोबर आहे. तरी जेवण गेलं नाही.

१९ मे

ऊन फार. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज — पूर्ण पाठ न अडखळता. बावीस मिनिटं. निशिगंधाने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, "कुणी मधेच डाउट विचारला तर?" त्यावर तिनेच तोडगा दिला — प्रश्न इंग्रजीत विचार म्हणायचं. पोरं गप्प बसतील. तिच्या शाळेत असंच करत.

४ जून

पाठ झाले. लिहून टाकते, नाहीतर उद्या मीच वेगळं आठवेन.

सुट्टीतून दहा पोरं बोलावली होती, सातवी झालेली, आमचीच. दोघांनाही तोच धडा. आधी मी. फळ्यावर त्रिकोण काढला, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ ओढली. वाक्यं बिनचूक येत होती. आबासाहेब मान हलवत होते. तेवढ्यात भाग्यलक्ष्मी उभी राहिली. आंबेडकर जयंतीला दरवर्षी भाषण करणारी, वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी. "बाई, ही रेघ आपण का ओढली? ती कुठून आली?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला फार तर तीनदा आला असेल. सगळा धडा त्या एका रेघेवर आहे. आणि मी म्हटलं, "आस्क इन इंग्लिश." ती ओठ हलवत राहिली. मग बसली. मी पुढे गेले.

नंतर उमाजी सर आत गेले. मी व्हरांड्यात खिडकीपाशी. त्यांचं इंग्रजी अडखळत होतं, पण चाललं होतं. ते रेघेपर्यंत आले आणि भाग्यलक्ष्मी पुन्हा उभी राहिली. तोच प्रश्न, मराठीत. मी न दिलेलं उत्तर तिने त्यांच्याकडे मागितलं.

सर थांबले. मी मनात म्हणत होते, म्हणा, आस्क इन इंग्लिश म्हणा. आणि म्हणू नका असंही वाटत होतं. त्यांनी खडू ठेवला. वहीचा कागद फाडून त्रिकोण कापला, त्याचे तीन कोपरे तोडले, टेबलाच्या कडेला एकाशेजारी एक लावले. "बघ पोरी, तिघं मिळून सरळ रेघ झाली ना? आपण तेच फळ्यावर केलं. कागद फाडायच्या ऐवजी रेघ ओढली." पोरं उठून टेबलाभोवती जमली. आठ-दहा मिनिटं सगळं मराठीत. भाग्यलक्ष्मी हसली.

आबासाहेबांनी घड्याळ बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

६ जून

मला ठेवलं.

७ जून

सर भेटले. अभिनंदन म्हणाले. पाठ छान झाला, बाई. टोमणा नव्हता, हेच वाईट.

१७ जून

शाळा सुरू होऊन पाच दिवस. छत्तीस पोरं. मी बोलते, ती उतरवून घेतात. "अंडरस्टुड?" म्हटलं की "येस टीचर" — एका सुरात. मला बाई म्हणायचं नाही, सूचना आहे. भाग्यलक्ष्मीने पाच दिवसांत एकदाही हात वर केला नाही.

८ जुलै

बदल दिसतोय! दोन आठवड्यांपासून फळ्यावर गणित पुरं व्हायच्या आत उत्तरं येतात. आज तर भाग्यलक्ष्मीने पुढची पायरी सांगितली. वाटलं, जमलं मला. घरी येताना भजी आणली.

१२ जुलै

नाही जमलं. मधल्या सुट्टीत भाग्यलक्ष्मीला जवळ बोलावून शाबासकी दिली तर ती बावरली. मग सांगितलं — उमाजी सर सकाळी सहाला आपल्या घरी, गौलीगुड्याला, शिकवतात. मराठीत. माझा धडा आज कुठवर झाला ते पोरं त्यांना सांगतात, उद्याचा धडा ते आधीच समजावून ठेवतात. तीसच्या वर पोरं जातात. फी घेत नाहीत. "टीचर, सचिव सरांना सांगू नका."

१५ जुलै

आज पहाटेच गेले. बस स्टँडमागे, वरच्या मजल्यावर एकच खोली. पोरं जिन्यापर्यंत बसलेली. सर एका किराणा दुकानात हिशेब लिहायला जातात, नऊ वाजता. त्याआधी हे.

मला बघून पोरं उठायला लागली. सरांनी हातानेच बसवली. मी निशिगंधाच्या क्लासचं खोटं सांगून टाकलं. ते म्हणाले, "माहीत होतं मला. सोडा. उद्या काय घेणार?"

चौकोन, म्हटलं. पान नंबर दिला. तेव्हापासून रोज देते.

६ ऑगस्ट

पहिल्या चाचणीचा निकाल लागला. आठवी गणित — छत्तीसपैकी तेहतीस पास. आबासाहेब खूश. म्हणाले, बघा, आपली पोरं इंग्रजीत शिकू शकतात हे सिद्ध झालं. आता नववी-दहावी तरी मराठीत कशाला? सोमवारी कमिटीची बैठक आहे. दोन्ही वर्गांचं मराठी बंद करायचा ठराव येईल आणि बहुतेक एकमताने होईल.

आकडे मी वाचून दाखवायचे आहेत.