तिसऱ्या वळणावरून माघारी

दि. ६ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. घराला कुलूप लावावं, शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाकावं आणि उन्हाळ्याच्या आत कायमचं तुझ्याकडे राहायला यावं म्हणे. हेच फोनवर सांगितलं असतंस तर निदान मध्येच बोलता आलं असतं. पण रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन दिवसभर घेतल्यावर घरी तुला फोनची घंटासुद्धा नको वाटते, म्हणून आपल्याला पत्रं. असो, मला लिहायला आवडतं.

पानगळीत खिडकीचं माप घेताना मी स्टुलावरून पडले, हे खरं. संध्याकाळी औषधांचं दुकान बंद करून घाईमावशी सहज डोकावली म्हणून सापडले, नाहीतर तशीच पडून राहिले असते, हेही खरं. पण गुडघा बदलला, त्यालाही आता कितीतरी महिने झाले. नवा गुडघा जुन्यापेक्षा शहाणा आहे. सध्या एका हॉटेलचे पडदे शिवायला घेतलेत. जाड कापड आहे, अस्तर लावून चुण्या घालता घालता बोटं भरून येतात. रिकामी बसले तर मात्र मला घर खायला उठतं. तुझ्याकडे येऊन मी काय करू? तुझ्या सोफ्यावर बसून तुझी वाट बघू?

तर माझी अट ऐक. दर वसंतात आम्ही डोंगरावर, टोकापर्यंत जातो. तुझे बाबा होते तेव्हा चौघं जायचो, आता बेकरीवाले काका, घाईमावशी आणि मी. यंदा मी टोकाच्या कठड्याला हात लावून आले, तर मी आणि माझं घर जागच्या जागी. वाटेतून परतले, तर एक शब्दही न बोलता बोचकं बांधते. आमचा नियम तुला पाठ आहेच. एक मागे फिरला की सगळे मागे फिरतात, आणि का म्हणून विचारायचं नाही. तुझ्या बाबांनी केलेला नियम, त्यामुळे त्यात सूट नाही. म्हणजे मी फिरले तर लपवायची सोयही नाही.

कबूल असेल तर तसं लिही. नेहमीची माया आहेच, त्यात नोटिशीने काही कमी झालेलं नाही.

तुझी,
आई


दि. १२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

अट कबूल. मी नाही म्हटलं असतं तरी तू गेलीच असतीस, तेव्हा कबूल म्हणण्यात माझं काय जातंय?

पण डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम रोज कर. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, थांबायचं, सावकाश खाली आणायचा. मशीनवर बसून पायडल मारणं म्हणजे व्यायाम नव्हे, हे मागेही सांगितलं होतं. बुटांचे तळ झिजलेत, नवे घे. काठी घे. काठी म्हातारे घेतात असं म्हणून नाक मुरडू नकोस, तू सहासष्ट वर्षांची आहेस.

माझ्याकडची मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. उजेड भरपूर आहे. न्हाणीघरात धरायला दांडाही बसवून घेतला. तू हसशील, हस.

इकडे सगळं ठीक. रागावली असलीस तरी जीव लावायचं सोडू नकोस.

तुझी,
ठमी


दि. १२ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे पाकीट बघूनच तुम्ही घाबरला असाल. सगळे बरे आहेत. काम आहे, आणि ते चांगलं नाही, हे आधीच सांगते.

आईने घातलेली अट तुम्हाला कळली असेलच. तिने गावभर सांगितली असणार. काका, तुम्ही मधूनच मागे फिराल का? पाय मुरगळला म्हणा, दम लागला म्हणा, काहीही. तुम्ही फिरलात की नियमाने तीही फिरेल. तिला वाईट वाटेल, पण पाय मोडणार नाही आणि ती माझ्याकडे येईल.

आईला मी व्यायामांचं लिहिते, बुटांचं लिहिते. खरं ते तिला लिहिता येत नाही, तुम्हाला लिहिते. कामावर आमच्या खोलीत रोज फोनवर कुणीतरी रडत सांगतं की आई पडली आहे, उठत नाही, बोलत नाही. मी शांत आवाजात पत्ता विचारते. पलीकडचा माणूस पत्ता सांगेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. तो दुसऱ्याच गावचा निघतो, मग मी श्वास सोडते, आणि त्या माणसाची आई तिकडे पडलेली असताना मला हायसं वाटलं याची लाज वाटते. पानगळीपासून हे रोजचं आहे. दिवसातून कितीदा तरी. माझ्याच्याने आता होत नाही.

आईला यातलं काही कळू देऊ नका. लहानपणी खांद्यावर घेऊन टोकावर नेलंत, त्या मायेला स्मरून एवढं करा.

तुमची,
ठमी


दि. १९ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

पत्र वाचलं आणि खिशात ठेवलं. पुन्हा वाचलं, पुन्हा ठेवलं. आता त्याला पिठाचा वास लागला आहे.

पोरी, मला नाटक येत नाही. शाळेत मला झाड केलं होतं, तर मी हललो. शिवाय तुझी आई मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखते. तिच्यासमोर खोटं बोललो की ती लगेच ओळखते. आणि खरं सांगू का, ती चांगली चालते गं. रोज सकाळी बेकरीपर्यंत येते, पाव घेते, लांबच्या रस्त्याने परत जाते. सराव करतेय, मला दिसतं.

पण तू लिहिलेलं ते श्वासाचं डोक्यातून जात नाही. कणीक मळतानाही तेच. आम्ही इथे दोन एप्रिलला जायचं ठरवलं आहे. बघतो. हो म्हणत नाही, पण नाहीही म्हणत नाही. तुझ्या बाबांना काय वाटलं असतं, हा विचार मी मुद्दाम करत नाहीये.

स्वतःला जप. वेळेवर जेवत जा. आमचं प्रेम आहे, हे सांगायला नको.

तुझा,
काका


दि. ४ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ.

झालं तुझं काम. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटतंय.

दिवस इतका छान होता की काय सांगू. झाडांना नवी पालवी, वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुलं, वारा बेताचा. घाईमावशी नेहमीप्रमाणे धावत सुटली आणि पहिल्याच वळणावर धापा टाकत बसली. तुझी आई मात्र एका लयीत चालत होती. काठी होती, पण ती पक्षी दाखवायला. मी मागून तिचा गुडघा बघत होतो, तो कुठे लचकतोय का म्हणून. अगदी आशेने बघत होतो म्हण ना. नाही लचकला.

तिसऱ्या वळणावर बाक आहे, तिथून टोकाचा कठडा दिसतो. तिथे मी बसलो आणि घोटा धरून ओरडलो. जरा जास्तच जोरात ओरडलो. खरं वाटावं म्हणून पिशवीतून बँडेज काढून पट्टीसुद्धा बांधली. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं, मग कठड्याकडे. बराच वेळ कठड्याकडे बघत होती. मग चला म्हणाली आणि वळली. उतरताना माझी पिशवी तिने घेतली. नियमाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काल तिने खिडकीतली ‘पडदे शिवून मिळतील’ ही पाटी काढली. हॉटेलवाल्याला सांगितलं की राहिलेलं काम दुसरीकडे द्या. हे मी डोळ्यांनी पाहून आलो आणि आज पावात मीठ घालायचं विसरलो. गिऱ्हाइकं भांडायला आली. त्यांचं बरोबर होतं.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. पण माझ्याच्याने किती दिवस राहवेल याची खात्री देत नाही. माझ्यावर राग धरू नकोस, आणि तुझ्यावर मी धरणार नाही.

तुझा,
काका


दि. ८ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

टोकावर जाणं झालं नाही असं काकांकडून कळलं. काकांचा पाय आता कसा आहे? सूज आहे का? त्यांना चालायला लावू नकोस.

तू यायची घाई करू नकोस. म्हणजे ये, खोली तयारच आहे, पण हॉटेलचं काम पुरं करून आलीस तरी चालेल. पाटी लगेच काढायचं काही कारण नव्हतं. मशीनही देऊन टाकू नकोस, इथे जागा होईल. किंवा तिथेच असू दे. मला नीट सुचत नाहीये. कामावर रुग्णवाहिकेला पत्ता देताना दोनदा चुकीचा रस्ता टाइप केला, शेजारी बसणारीच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. वरिष्ठांनी चार दिवस सुट्टी घे म्हटलंय. सुट्टीत काय करायचं तेच कळत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते, तुझ्यासाठी लावलेला पलंग इकडचा तिकडे करते.

काकांना डॉक्टरकडे नेलं का? पायाचं दुखणं अंगावर काढू नये. लगेच उत्तर पाठव.

तुझीच,
ठमी


दि. १६ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

एवढ्याशा पत्रात तू काकांच्या पायाची ढीगभर चौकशी केलीस, आणि ज्या गुडघ्यावरून एवढं रामायण झालं, त्याची एकदाही नाही. तुला लपवाछपवी जमत नाही, बाई. आणि माणूस निवडलास तोही कसा! आयुष्यात ज्याने छत्री बरोबर घेतली नाही, त्याच्या पिशवीतून डोंगरावर नवं कोरं बँडेज निघतं. बरं, घेतलं कुठून? आदल्या दिवशी घाईमावशीच्याच औषधांच्या दुकानातून. पट्टी बाहेर आली तशी मावशीने मला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं.

म्हणजे मला तिथेच कळलं होतं. आणि यामागे कोण, हेही. पण का म्हणून विचारायचं नाही हा नियम, म्हणून वळले. रागाने वळले. कठडा समोर दिसत होता आणि पाय म्हणत होते चल. तुझा इतका राग मला तू पळून जाऊन केस कापून आलीस तेव्हाही आला नव्हता. पाटी त्या रागातच काढली. म्हटलं, हिला आई हवी आहे ना सोफ्यावर मांडून ठेवायला, घे मग.

मग तुझं पत्र आलं, आणि चुकीचा रस्ता टाइप केल्याचं वाचून मला चैन पडेना. तशीच बेकरीत गेले. काकांना पिठाच्या पोत्यावर बसवलं आणि म्हटलं, आपण आता डोंगरावर नाही, आता विचारणार. ते रडायलाच लागले. तुझं पत्र त्यांनी खिशातून काढून दिलं.

ठमे, हे मला का नाही लिहिलंस? मला बुटांचे तळ लिहिलेस, दांडा लिहिलास. मला वाटलं, मुलीला आई ओझं झाली, आणि ते ओझं तिला फक्त नजरेसमोर हवं आहे. तू रोज श्वास रोखून बसतेस हे मला बेकरीवाल्याकडून कळावं? मी त्या दिवशी जमिनीवर पडले होते तेव्हा मला काय वाटत होतं, हेही मी तुला कधी सांगितलं नाही. सांगते. मला भीती मरायची नव्हती. तुझ्या खोलीत फोन वाजेल आणि तो तूच उचलशील, याची होती. आपण दोघी एकच भीती दोन गावांत बसून कुरवाळत होतो.

परवा आम्ही तिघं पुन्हा गेलो. काका सगळ्यात पुढे, पापक्षालन म्हणून सगळ्यांचं सामान त्यांच्याच खांद्यावर. मी टोकावर पोचले. कठड्याला दोन्ही हात लावले. खाली नदी, छपरं, आपल्या घराची खिडकी, सगळं लख्ख दिसत होतं. गुडघा उतरताना दुखला, रात्री शेकला, सकाळी उठून मशीनवर बसले. हॉटेलचं काम मी परत मागून आणलं आहे आणि पाटी जागेवर लागली आहे. पैज मी जिंकले, हे तू लिहून कबूल करायचंस.

आणि आता हे नीट वाच. पडद्यांची शेवटची जोडी उद्या देते आणि शुक्रवारच्या गाडीने तुझ्याकडे येते. महिनाभर राहीन, लागलं तर दोन. सकाळी तू कामाला निघालीस की दारात उभी राहीन, परत आलीस की दारातच असेन. तुझा श्वास ताळ्यावर आला की मी माझ्या घरी जाईन. मी हरले म्हणून येत नाहीये. तू घाबरली आहेस म्हणून येतेय.

भेटीअंती बाकीचं बोलूच. तोवर ही सगळी माया पाकिटात बसेल तेवढी पाठवते.

तुझी,
आई