जिन्याखालचं मशीन आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न पूर्ण, धंदा लिफ्ट बसवणे व दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली नव्हे तर पूर्ण शुद्धीत, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप काढून तिथे नवी बसवणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, आमचं रोजचं काम आहे." मीही लोकांना लिफ्टबद्दल हेच सांगतो, आणि तरीही दोर बदलताना आत कुणाला उभं राहू देत नाही. म्हणून हा कागद.

वकिलांनी बजावलं आहे की मृत्युपत्रात खाडाखोड दिसली की पुढे शंका निघतात. सबब एकदा शाईने लिहिलेलं मी खोडणार नाही. काही चुकलंच तर पुढच्या कलमात तसं नमूद करीन. अशी वेळ माझ्यावर सहसा येत नाही.

कलम १. राहतं घर, वरच्या खोलीसह, आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझ्या पत्नीचं. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्यानंतर काय करायचं ते तिने ठरवावं. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी तीन वेळा बसवली आणि ती तीनही वेळा कुणीतरी आपटून तोडली. चौथ्यांदा बसवणारा आता नसेल, याची नोंद घ्यावी.

कलम २. हत्यारांची पेटी लिफ्टच्या कामातल्या माझ्या जुन्या जोडीदाराला द्यावी. अपवाद बारीक स्क्रू-ड्रायव्हरच्या संचाचा. तो कुणाला द्यायचा ते ठरलेलं नाही, पण माझ्या भाच्याला देऊ नये हे ठरलेलं आहे. भाचा डिग्रीवाला कॉम्प्युटर इंजिनियर आहे आणि स्क्रूची डोकी झिजवून ठेवतो. एवढी वर्षं शिकून माणसाला स्क्रू सरळ धरता येऊ नये, याची मला मनापासून शिसारी येते.

कलम ३. जिन्याखालचं मशीन.

याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण या घरात ते नेमकं काय आहे हे माझ्याशिवाय कुणाला धड सांगता येणार नाही. नऊ वर्षांपूर्वी मी ज्या इमारतीची लिफ्ट सांभाळत होतो, तिथल्या एका कार्यालयाने आपला जुना कॉम्प्युटर कचऱ्याच्या पिंपाशेजारी आणून ठेवला. पंखा अडकलेला, आत बोटभर धूळ, आणि एक मेलेली पाल. लोकांना चालतं यंत्र फेकायची लाज वाटत नाही. मी ते घरी आणलं. पंखा बदलला, मेमरी वाढवली, दोन नव्या डिस्क बसवल्या, फुकट मिळणारी प्रणाली पुस्तकं वाचून स्वतः चढवली. कुणाला एक शब्द विचारला नाही. पडदा आणि कीबोर्ड काढून टाकले, कारण त्याला आता तोंड दाखवायची गरज नव्हती. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांच्या फायली त्यावर असतात, आणि माझा जुना प्रिंटर त्याला जोडलेला असल्यामुळे घरातल्या कुठल्याही फोनवरून कागद छापता येतो. नऊ वर्षांत ते माझ्या चुकीने एकदाही बंद पडलेलं नाही.

इतरांच्या चुकीने पडलं, त्याचा हिशेब असा. त्यावर ओला टॉवेल वाळत घातलेला मी चार वेळा पाहिला. बटाट्यांची टोपली दोनदा. मी लाल शाईने "हे बंद करू नये" अशी चिठ्ठी लावली, तर तिच्यावर कुणीतरी दूधवाल्याचा नंबर लिहिला. अडकलेला कागद हळू मागे ओढायचा असतो हे शंभरदा सांगूनही तो पुढून हिसकला जातो आणि फाटका तुकडा आतच राहतो. माझी मेहुणी या मशीनला "तुमचं ते घुरघुरणारं डबडं" म्हणते आणि त्याच डबड्यावरून दरवर्षी आपल्या शाळेच्या साठ-साठ पानी प्रश्नपत्रिका छापून नेते. कागद माझा, शाई माझी.

मशीन मी पत्नीच्या नावे करतो. सूचना: मशीनखालचा लाकडी चौरंग काढू नये, तो फरशी पुसताना पाणी आत जाऊ नये म्हणून आहे. पंख्याची धूळ महिन्याच्या पहिल्या रविवारी रंगाच्या कोरड्या ब्रशने काढावी. तिथला वीजबोर्ड पूर्वी ढिला होता, प्लग जरा हलला की मशीन बसायचं. घट्ट करायचं काम माझ्या यादीत होतं, पण मध्ये कधीतरी प्लगचं हलणं आपोआपच थांबलं. गंजाने धरून ठेवलं असावं. चालत्या गोष्टीला हात लावू नये हा माझा नियम आहे. तोच पुढे पाळावा.

कलम ४. माझ्या धाकट्या भावाला माझ्या मिळकतीतलं काहीही देऊ नये.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागे कुणी कुजबुजायला नको. माझी पत्नी शिवणकाम करते. कुणाच्या अंगाला कपडा कसा बसेल हे ती कागदावर कापून ठेवते. अठरा वर्षांचे असे कागद तिच्याकडे होते, चौसष्ट गिऱ्हाइकांचे. ते कपाटात कुरतडले जात होते. मीच म्हटलं, सगळे स्कॅन कर, मशीनवर ठेव, कागद टाकून दे. ती म्हणाली, "कागद असू देत की." मी म्हटलं, "मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवर उतरतं. एक मेली तरी दुसरी आहे. तुझ्या कपाटाला आहे का दुसरं कपाट?" तिने सात महिने बसून एक हजार दोनशे सात पानं स्कॅन केली. कागद मी स्वतः रद्दीत दिले.

चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, इथे काहीच नाहीये."

फोल्डर होते. आत फायली नव्हत्या. पहिल्या गिऱ्हाइकाच्या एकतीस तेवढ्या उरल्या होत्या. तेवढ्यात धाकटा वरच्या खोलीतून इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला. तो रंगकाम करतो, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, तेव्हा आमच्यातच राहायचा.

मी विचारलं, "आज जिन्याखालचा प्लग कुणी काढला?"

"मी काढला दादा. दोन मिनिटं. इस्त्री करायची होती."

"चिठ्ठी वाचता येत नाही?"

"येते. दूधवाल्याचा नंबर आहे तिथे."

"दोन मिनिटांत तुझ्या वहिनीची अठरा वर्षं गेली."

"प्लग काढून फायली कशा जातील दादा? रेडिओ बंद केला म्हणून गाणं मरतं का?"

"तू मला शिकवणार? भिंती रंगव तू."

पत्नी म्हणाली, "राहू द्या हो. तो काय मुद्दाम करेल?" मी ऐकलं नाही. मी म्हणालो, ज्याला दुसऱ्याच्या कामाची किंमत नाही त्याने माझ्या छपराखाली राहू नये. रविवारी तो आपले डबे, ब्रश आणि शिडी घेऊन गेला. चार वर्षं झाली, तो आला नाही आणि मी बोलावलं नाही. पत्नी त्याच्याशी फोनवर बोलते, मला माहीत नाही असं ती समजते. बेफिकीर माणसाबद्दल मला जी किळस वाटते ती मेल्यानेही कमी होणार नाही. सबब वरीलप्रमाणे.

कलम ५. मशीनच्या कामाच्या माझ्या नोंदवह्या, एकूण अकरा, भाच्याने न्याव्यात आणि लाज वाटेपर्यंत वाचाव्यात. मशीन पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तो पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "मामा, दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे हां. ते नुसतं आरशात बघण्यासारखं झालं." मी म्हटलं, "तुझ्या डिग्रीवर काढलं असशील कर्ज, मी नाही काढलं." तेव्हा सगळे हसले होते.

कलम ६. परिशिष्ट.

इथपर्यंतचा मजकूर गेल्या रविवारी लिहिला. यापुढचा आज बुधवारी लिहीत आहे. मध्ये जे घडलं ते असं.

मशीन नावे करायचं तर त्यात काय काय आहे याची यादी जोडायला हवी, असं मला वाटलं. वकील म्हणाले, गरज नाही. पण मी लिफ्ट ताब्यात देतानाही खिळ्यांसकट यादी देतो. सोमवारी यादी करायला बसलो. पत्नीचा फोल्डर रिकामा का, हे यादीत तारीख-वेळेसह लिहावं, म्हणजे धाकट्याची करणी कायमची कागदावर राहील, अशी माझी इच्छा होती. मशीन आपण काय काय केलं याची नोंद स्वतःच ठेवतं. जुन्या नोंदी मी कधी पुसल्या नव्हत्या आणि कधी वाचल्याही नव्हत्या. तो शुक्रवार काढला.

दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी वीज गेली. ३ वाजून ५४ मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू झालं. हा धाकट्याचा प्लग. तो दोन मिनिटं म्हणाला होता, ती चौदा होती. म्हणजे तो खोटं बोलला. मला बरं वाटलं.

मग वरची ओळ वाचली. दुपारी १ वाजून ५ मिनिटांनी एक काम सुरू झालं. १ वाजून ९ मिनिटांनी संपलं. एक हजार एकशे शहात्तर फायली काढून टाकल्या. हुकूम देणाऱ्याच्या जागी माझं नाव.

ते काम मी आदल्या आठवड्यात लिहून मशीनला लावून दिलं होतं. घरातले लोक एकच फोटो दहा ठिकाणी ठेवतात, त्याचा मला वीट आला होता. म्हणून असं लावलं की दर शुक्रवारी मशीनने एकाच नावाच्या फायली शोधाव्यात, पहिली ठेवावी, बाकीच्या पुसाव्यात. आत काय आहे ते बघायला सांगितलं नाही, फक्त नाव. आणि आमचा स्कॅनर प्रत्येक नव्या फोल्डरमध्ये एकपासून आकडे घालतो. चौसष्ट फोल्डर, प्रत्येकात एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मशीनने सांगितलं तसं केलं. पहिल्या गिऱ्हाइकाची एकतीस पानं ठेवली (याहून जास्त पानं कुणाचीच नव्हती) आणि त्रेसष्ट बायकांची मापं चार मिनिटांत पुसली. पहिल्या डिस्कवरून पुसलं ते त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसलं गेलं. भाच्याचा आरसा.

प्लग त्यानंतर अडीच तासांनी निघाला.

वीज अचानक गेल्याने फायली बिघडतात तेव्हा त्या अशा ओळीने जात नाहीत. एकच फोल्डर पुरा शिल्लक, तोही नेमका पहिला, हे त्याच संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर होतं. लिफ्ट अडकली तर मी आधी नोंद वाचतो, मग माणसाला विचारतो. त्या दिवशी नोंद वाचली नाही, कारण माणूस समोर होता आणि "मी काढला" म्हणत होता. आणखी एक. पुढच्या आठवड्यात ते काम मी बंद केलं. का केलं ते आठवत नाही. असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होतो. आठवतं. मला नीट बघायचं नव्हतं.

आजवर बटाट्यांची, टॉवेलांची, झिजलेल्या स्क्रूंची मला किळस आली. ती सगळी मी परत घेतो, ती दुसरीकडे लागणार आहे. सदर नोंदीचं पान त्याच मशीनवरून छापून परिशिष्ट म्हणून सोबत जोडलं आहे.

कलम ७. काल दुपारी हे पान मी पत्नीपुढे ठेवलं. ती बाही जोडत होती. तिने वाचलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "मला काय दाखवताय? मी कधी म्हटलं त्याने केलं?"

मी म्हटलं, "तुझे कागद मी रद्दीत दिले."

"दिलेत. मी पुन्हा काढले की हाताने, एकोणतीस जणींचे झालेत. कपाटात आहेत, कुरतडलेले. पण घालवलेल्या भावाला कोण परत आणणार?"

"मृत्युपत्रात लिहितो सगळं. मशीन त्याच्या नावे करतो."

"म्हणजे तुम्ही मेल्यावर त्याने वाचायचं? आणि मग कुणाशी भांडायचं त्याने? फोन मी लावून देणार नाही, आधीच सांगते."

कलम ८. सबब पुढीलप्रमाणे.

कलम २ मध्ये बदल: बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच भाच्याला द्यावा. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मशीनवरच्या सगळ्याची वेगळी प्रत काढून ती त्याने त्याच्या घरी ठेवावी, आणि दर महिन्याला उघडून बघावी.

कलम ३ कायम. पत्नीला वाटल्यास तिने मशीनवर बटाटे ठेवावेत.

कलम ४ बद्दल. मशीन धाकट्याला द्यावं असं एकदा मनात आलं. पण मेलेल्या माणसाने वस्तू धाडून माफी मागणं म्हणजे उत्तर ऐकावं लागू नये याची व्यवस्था करणं. ते मला माझ्या इतर सगळ्या कामांपेक्षा घाण वाटलं. मला दोन साक्षीदार लागतात. एक शेजारचे घड्याळजी आहेत, दुसरा धाकटा हवा. वकील सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हा धाकट्याला यातलं काहीही मिळणार नाही. कलम ४ चा निर्णय जसाच्या तसा राहील, त्याखालचं कारण रद्द. सही करण्यासाठी त्याला इथे यावं लागेल, आणि सहीआधी हे सगळं मी त्याला स्वतः वाचून दाखवीन, कलम ४ सकट. फोन आज सकाळी सव्वाअकराला मीच लावला. तो "कोण?" म्हणाला. मी सांगितलं. मग म्हणाला, "संध्याकाळी येतो. शिडी घेऊन कामावर आहे."

हे माझं शेवटचं मृत्युपत्र. यापूर्वी मी कुठलंही केलेलं नाही.

स्थळ: राहतं घर, जिन्यासमोरचं टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, बुधवार, संध्याकाळी ६ वाजून ३५ मिनिटे.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १: (सही) शेजारी, धंदा घड्याळ दुरुस्ती. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचून दाखवताना मी बाहेर ओट्यावर बसलो होतो, तरी ऐकू आला.

साक्षीदार २: (सही) धाकटा भाऊ, धंदा रंगकाम. दादाने सगळं वाचून दाखवलं, मध्ये दोनदा पाणी प्यायला. चौदा मिनिटं बरोबर आहेत. इस्त्रीला दोनच लागली. बाकीची बारा मी बोर्डाचे स्क्रू आवळत होतो, प्लग फार हलत होता. तेव्हा सांगितलं नाही, कारण दादा त्याला हात लावू देत नाही. गंज नाही तो.