पाव टक्का आणि सुरभीची शेड

४ एप्रिल
घर तारण ठेवणाऱ्या पेणकरांनो! तेच घर, तेच कागद, आणि प्रत्येक बँकेचा व्याजदर वेगळा. हा अन्याय आपण किती दिवस सोसायचा?
(डायरीतही आवाज चढतो. चांगलं लक्षण.)
सुरभीचा गणपतीचा कारखाना आहे ती शेड मालक विकतोय. आधी आम्हाला विचारलं. तीस तारखेपर्यंत आठ लाख. आमच्या घरावर पेणच्या बँकेचं मंजुरीपत्र आलंय, ९.९० टक्के. सुरभी म्हणते, अहो, सही करा नि मोकळे व्हा. कारागिरांना अर्थशास्त्र कळत नाही.

८ एप्रिल
पाच बँकांचा तक्ता केला. फिक्स्ड, फ्लोटिंग, प्रोसेसिंग फी. तीन रंगांत. रोह्याच्या बँकेच्या बोर्डावर ९.६५! पहिल्या वर्षी दोन हजार वाचतील. सुरभी म्हणाली, तेवढे एका मूर्तीत सुटतात. प्रश्न रकमेचा नाही, तत्त्वाचा आहे.

१५ एप्रिल, दुपारी
पेण शाखेत मॅनेजरना शेवटची संधी दिली. पाव टक्का उतरवा. नाही म्हणाले. उभा राहून वीस मिनिटं बोललो. पेन्शनसाठी आलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, त्या भरात मंजुरीपत्र फाडलं. मॅनेजर म्हणाले, कर्ज नको असल्याचं लेखी द्या. दिलं. दोन पानं. ऐतिहासिक दिवस.

१६ एप्रिल
सुरभी बोलत नाही. तिच्याकडे रंगकाम करणारी बायजा म्हणाली, भाऊ, टाळ्या वाजवणाऱ्यांकडनं आठ लाख घ्या की आता. दुर्लक्ष केलं.

२२ एप्रिल
रोहा. ९.६५ फक्त पगारदारांना. सुरभीच्या धंद्यावर ११.४०, शिवाय महिना लागणार. बोर्डाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं म्हणे. आयुष्यभर पुस्तकं वाचली, ती एक ओळ राहिली.

२४ एप्रिल
पेणचे मॅनेजर सौजन्याने वागले. तेच जास्त लागलं. नवा अर्ज, घराचं पुन्हा मूल्यांकन, तीन आठवडे. हरकत नाही, शेडमालक माझी भाषणं ऐकत मोठा झालाय, मुदत वाढवेलच.
संध्याकाळी: तो म्हणाला, काका, तीसला पैसे आणा, मग भाषण पण ऐकतो.

३० एप्रिल
शेड टाइल्सवाल्या प्रविणने घेतली. गोदाम करणार. पंधरा दिवसांत रिकामी हवी. आत शाडूच्या तीनशे चाळीस मूर्ती, सगळ्या ओल्या. ओली मूर्ती हलवली की सोंड आधी तुटते. प्रत्येकीवर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. प्रविणपुढे मांडायला अकरा मुद्दे काढले. सुरभी म्हणाली, तुम्ही नका जाऊ.

१ मे, सकाळी
कारखान्यात गेलो. सुरभी एका मूर्तीचा कान वळवत होती. वर न बघता म्हणाली, शेड त्याने तुमच्यामुळे घेतली, तर विचारायलाही तुम्हीच जा. पण मुद्दे घरी ठेवा.
मी काहीच बोललो नाही. तिने दचकून वर पाहिलं.
दिनानाथ, ऊठ. आत्ता प्रविणच्या दुकानात जा. गणपतीपर्यंत शेड भाड्याने माग. आणि तो 'हो' म्हणेपर्यंत गप्प उभा राहा.