मधली भिंत आणि निलेशची डिश

११ फेब्रुवारी १९९६, रविवार

साल चौऱ्याहत्तर, एप्रिल असावा. गच्चीवर पापड वाळत घातलेले. आमच्या दोन घरांच्या गच्च्यांमध्ये गुडघाभर उंचीची भिंत, तिच्यावर मी आणि शेजारची हौसा पाठीला पाठ लावून बसलो होतो. ती तिच्याकडचे पापड राखत होती, मी माझ्याकडचे. मध्येच ती म्हणाली, "बाय, तुमची पाठ लय गरम लागते. ताप तर नाय ना?" ताप होता. मला कळला नव्हता, तिला पाठीनं कळला.

त्याच भिंतीवर आज तिच्या निलेशनं डिश बसवली. आठ फुटांची, जाळीची, चार बोल्ट मारून. मला विचारलं नाही. म्हणजे तसं विचारलं होतं, पण मी "बघू" म्हटलं होतं. बघू म्हणजे हो नव्हे. पाचवी ते दहावी माझ्याकडे इंग्रजी शिकलेल्या मुलाला एवढं कळायला हवं.

निश्चय: शांत, सभ्य, पण ठाम राहायचं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कन्सेप्टा सांगायच्या, आवाज खाली, मान वर. रागवायचं नाही. मी रागावलेली नाहीच.

१२ फेब्रुवारी

सकाळी सहाला नेहमीप्रमाणे हौसानं पलीकडून भिंतीवर दोनदा ठोकलं. मी एकदा ठोकायचं असतं. म्हणजे मी उठले, ठीक आहे. हे गेल्यापासून पाच वर्षांचा नेम. या नेमाच्या भरवशावरच लेक नमिता मला पेणला एकटीला राहू देते, नाहीतर केव्हाच रोह्याशेजारी अष्टमी गावात, तिच्या घरी नेऊन ठेवली असती.

आज पाच मिनिटं उशिरा ठोकायचं ठरवलं. कळू दे. तिसऱ्याच मिनिटाला हौसा मागच्या दारात, केस मोकळे. "अगो बाय, जीव घेता काय माझा!" मी सांगितलं, बाथरूममध्ये होते. ठाम राहिले. चहा मात्र दोघींचा झाला, कारण आधण ठेवलेलंच होतं.

१६ फेब्रुवारी

वारा सुटला की डिश घुमते. आज हॉलच्या भिंतीला तडा दिसला. यांच्या फोटोमागे. आधीपासून होता का, सांगता येत नाही, कारण फोटो आजच उतरवला, तडा शोधायला.

हे ओव्हरसीअर होते, त्यामुळे शास्त्र मला माहीत आहे. तड्यावर कागदाची पट्टी चिकटवायची, वर तारीख घालायची. भिंत हलली की पट्टी फाटते. पट्टी लावली. चार दिवसांत फाटेल.

२३ फेब्रुवारी

फाटली नाही. कागद यांच्या ऑफिसातला, जुना. तेव्हा कागद फार चांगला यायचा. आज पतंगाचा लावला.

२ मार्च, शनिवार

रांगेतल्या आठ घरांपैकी सात घरांत डिशची वायर गेली. टीव्हीनं डोळे जातात म्हणणाऱ्या कोपऱ्यावरच्या इंदुबाईंनीही घेतली. निलेश डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात वायरी ओढतो. मला म्हणाला, "टीचर, तुमाला फुकट. गुरुदक्षिणा." मी म्हटलं, मला बातम्या पुरतात.

साडेआठची मालिका मी बघत नाही आणि ऐकतही नाही. भिंतीतून येते त्याला माझा इलाज नाही. त्या धाकट्या सुनेवर दागिने चोरल्याचा उगाच आळ घेतलाय, चोरले नणंदेनं. हौसा पलीकडून नणंदेला शिव्या घालते ते योग्यच आहे.

त्र्याऐंशी साली रांगेतला पहिला टीव्ही आमचा. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये पंधरा-पंधरा माणसं. हौसा सगळ्यांत पुढे, पदरात भाजलेले शेंगदाणे. कुणी मध्ये उभं राहिलं की तीच ओरडायची, "खाली बस रे, काचेचा हायस काय?" त्या चटया मी या आठवड्यात धुऊन गुंडाळून ठेवल्या. हॉल मोठा दिसतो, स्वच्छ राहतो. याचा डिशशी काही संबंध नाही.

८ मार्च

पट्टी फाटली! संध्याकाळी ८.४०.

परिस्थिती: मालिकेचा आवाज फार होता, म्हणून मी वरवंट्यानं भिंतीवर सात-आठदा ठोकलं. नंतर पाहते तर पट्टी दोन तुकडे. कारण: डिश.

हौसा धावत आली. पडलात काय, कुठं लागलं, विचारत. मी म्हटलं, आवाज कमी करा. ती वरवंट्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मला वाटलं, मला बोलावता."

११ मार्च, सोमवार

नगरपालिकेत अर्ज दिला. चार पानी, इंग्रजी, 'आय हॅव द ऑनर टु स्टेट' पासून. क्लार्क म्हणाला, बाई, मराठीत आणा. मराठीत दीडच पान झालं. त्यात 'शेजारील कुटुंब' असं लिहायचं तिथं तीनदा 'हौसा' लिहिलं गेलं. खोडलं.

निश्चय: अर्ज मागे घेण्याचा विचार मनात आणायचा नाही. (दुपारपर्यंत दोनदा आला.)

२६ मार्च

पालिकेचे ओव्हरसीअर आले. हैबतराव म्हणून, साताऱ्याकडचे. टेप लावली. निकाल असा: भिंत नऊ इंची, सामाईक. दोघांची संमती असल्याशिवाय तिच्यावर काही ठोकता येत नाही. तडा फक्त गिलाव्याचा, वीसेक वर्षांपूर्वीचा. पट्टीकडे बघून त्यांनी विचारलं, "ही काय, भिंतीला राखी?"

पहिला मुद्दा महत्त्वाचा. जिंकले.

इंदुबाई आपल्या ओट्यावरून म्हणाल्या, "आता सूर्याला पण नोटीस द्या, टीचर. न विचारता तुमच्या गच्चीवर येतो." सगळी रांग हसली. मी दुर्लक्ष केलं.

हौसाचा नवरा जनू मिठागरात जन्म काढलेला माणूस, फारसा बोलत नाही. आज बोलला. "भित तुमची तर भित तुमची, टीचरबाय. आमी आमची बांधू. उगा भांडण नको." हौसा माझ्या चपलांकडे बघत होती.

२ एप्रिल

त्यांच्याकडे विटा आल्या. बहुधा न्हाणीघराचं काम असावं. डिश उतरवलीय. घाबरले असतील. डिश पूर्ण गेली की मी स्वतःहून बोलायला जाणार. जिंकणाऱ्यानं मोठं मन दाखवायचं असतं.

१४ एप्रिल, रविवार

न्हाणीघराचं नव्हतं. त्यांनी आपल्या बाजूनं, जमिनीपासून थेट गच्चीच्या वरपर्यंत, दुसरी भिंत घातली. दोन्ही भिंतींत चार बोटांची फट. डिश आता नव्या भिंतीवर, पूर्वीपेक्षा दोन फूट उंच. तक्रारीला जागा नाही. जुनी भिंत सगळी माझी.

आवाज बंद. मिक्सर नाही, मालिका नाही, जनूचा खोकला नाही. हेच हवं होतं. लिहून ठेवते: हेच हवं होतं.

धाकट्या सुनेचं पुढं काय झालं ते कळलं नाही.

१५ एप्रिल

सहाला ठोकणं आलं नाही. सव्वासहाला मीच ठोकलं. एकदा, मग दोनदा. चार बोटांच्या फटीतून काय जाणार? तिनंही ठोकलं असेल. नक्कीच ठोकलं असेल.

५ मे

हौसाकडे गेले. निमित्त कैरीच्या लोणच्याचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दारानं. तिनं खुर्ची पुसून दिली. चहा पाहुण्यांच्या कपात, बशीत दोन बिस्किटं. आमचे नेहमीचे स्टीलचे पेले फळीवर दिसत होते.

म्हणायचं होतं, ती भिंत पाडून टाका, डिश कुठं हवी तिथं लावा. म्हटलं, गवंड्यानं काम सुरेख केलंय. ती म्हणाली, "व्हय बाय. आता तुमाला आमचा तरास नाय." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते, ती बोलली असती, आणि तासाभरात सगळं मिटलं असतं.

धाकट्या सुनेबद्दल विचारणार होते. पण मी मालिका ऐकत नाही, त्यामुळे विचारता आलं नाही.

१२ मे

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात चक्कर आली. तसं विशेष काही नाही. बारा वाजेपर्यंत फरशीवर पडून होते. उन्हाळ्यात फरशी गार लागते. शेवटी इंदुबाईंनी दूध बाहेरच दिसलं म्हणून दार ढकललं.

त्यांनीच नमिताला फोन केला. नमिता फोनवर आधी रडली, मग रागावली. म्हणाली, आई, माझी सगळी हिंमत हौसामावशीच्या ठोकण्यावर होती, आणि ते बंद झालंय हे तू महिनाभर मला सांगितलं नाहीस. मी म्हटलं, बंद झालेलं नाही, ऐकू येत नाही एवढंच. तिनं ऐकलं नाही. अष्टमीला ये, म्हणाली.

चार दिवस जाईन. फार तर पावसाळा होईपर्यंत.

१९ मे, रविवार

उद्या सकाळी जावई न्यायला येतात. चार दिवसांसाठीच जाते, त्यामुळे फार आवराआवर केली नाही. नमिताला सोपं जावं म्हणून इथं लिहून ठेवते.

फ्रिज इंदुबाईंना. त्यांचा नीट गार करत नाही, आणि त्या दिवशी दार त्यांनी ढकललं. लोणच्याच्या बरण्या भांडीवाल्या सरूला, झाकणांसकट, नाहीतर ती झाकणं मागायला लाजेल. कुंड्या शाळेत. इंग्रजी पुस्तकंही शाळेत, पण मोठी डिक्शनरी निलेशला. कंपनीत इंग्रजी फॉर्म भरावे लागतात, आणि त्याचं स्पेलिंग अजून कच्चं आहे. टीव्ही कुणालाच नको आहे, तो झाकून ठेवावा. यांचा फोटो मी बरोबर नेते.

घराची दुसरी किल्ली हौसाला. मीच देणार होते. काल दोनदा तिच्या ओट्यापर्यंत गेले, पण ती कामात होती. नुसती बसलेली होती, पण कामात होती. तेव्हा नमितानं द्यावी. नको म्हणाली तर वाद घालू नये, कारणं सांगू नयेत. किल्ली घेऊन परत यावं, आणि दोन दिवसांनी पुन्हा न्यावी.