धरणगावचा बैल

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

उशीरच झाला. धरणगावच्या जुन्या जिनिंग मिलच्या भिंतीवर रंगवलेल्या बैलाचा फोटो आज काढायचाच म्हणून जळगावहून एसटीने गेले, तर बैलाच्या जागी डॉल्फिन. कापसाच्या गावात डॉल्फिन! नगरपालिकेचं सुशोभीकरण म्हणे. कुठल्या अकलेच्या कांद्याला सुचलं असेल?

कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून सुट्टीला येताना बसमधून तो बैल दिसला की वाटायचं, घर आलं. बाईसारख्या लांब पापण्या, ओला डोळा. कुणाला काय त्याचं.

शिडीवर एक म्हातारा पेंटर निळा रंग मारत होता. मी म्हटलं, "नाना, इतकं सुंदर चित्र पुसताना लाज नाही वाटली?"

"बैल बी मीच काढेल व्हता, अक्का," तो खाली न बघताच म्हणाला. "त्यासले आते मासा पाहिजे. पन डोया पुसाना जीव झाया नही. जवळ ई देखा."

जवळ जाऊन पाहिलं. निळ्या डॉल्फिनला लांब पापण्यांचा तोच ओला डोळा. बाकीचा मासा त्याच्याभोवती कसातरी रंगवलेला, अगदी टुकार.

माफी मागायला हवी होती. मागितली नाही. फोटो मात्र काढला, फक्त डोळ्याचा.