जिन्यातले बगळे

हार्लेम, ऑक्टोबर १९५६

प्रिय ओडेसाताई,

धाकट्या भावाचा दुरूनच वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (उत्तर चार पानी येणार हे ठाऊक असूनही विचारतो.) चर्चच्या मंडळींना आठवण सांग, पाद्रीबाबांना मात्र पुढचं काही सांगू नकोस.

तुझा भाचा लूशस गवई झाला आहे. इमारतीची झाडलोट आणि बॉयलर माझ्याकडे, म्हणजे जिना आपल्याच बापाचा, असं समजून तो आणि त्याचे तीन मित्र वर्षभर तिथे कोकलत होते. गाणाऱ्या पोरांनी पक्ष्याचं नाव घ्यायची इथे रीत आहे. चांगले पक्षी आधीच संपले होते, यांच्या वाट्याला बगळे आले. मला गाण्यातलं कळत नाही, पण चौथ्या मजल्याच्या वळणावर आवाज असा घुमतो की जिनाच पाचवा गवई होतो. कारट्यांना हे कळलं ते एका रेकॉर्डवाल्याने गाणं भरून घ्यायला बोलावलं तेव्हा, त्याच्या भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत. तिथे यांचे आवाज असे पडले की उठेचनात. शेवटी तो बिचारा यंत्र घेऊन आमच्या जिन्यात आला. गाणं ऐन रंगात असताना तिसऱ्या मजल्यावरच्या पेटिफर्डबाई दार उघडून ओरडल्या, "मेल्यांनो, जरा दम खा की!" ते रेकॉर्डमध्ये तसंच राहिलं. आता ती वाजली की त्या जागी अख्खी गल्ली ओरडते. (बाई माझ्याशी बोलत नाहीत, पण रेडिओवर ती लागली की आवाज मोठा करतात.)

पुढच्या शनिवारी थिएटरात पहिला कार्यक्रम, आणि सोमवारी लूशसचा आवाज फुटला. तेरा वर्षांचा आहे, फुटायचाच. वरचा सूर लावायला गेला की गळ्यात बिजागरी करकरते. मी म्हटलं, "अरे, माझाही फुटला होता, मेलो का मी?" तर म्हणाला, "तुम्हाला ऐकायला कोण तिकीट काढून येणार होतं, पप्पा?" खरं आहे.

असो. घडायचं ते घडेल. मी यात पडत नाही.

तुझा भाऊ,
एल्रॉय

ता. क. तुझ्या रेमंडचा ईस्टरचा निळा सूट लगेच टपालाने पाठव. लूशसला तो आखूड होईल, ठाऊक आहे. सूट आमच्या व्हर्नेलला हवा आहे. पोरींना घेत नाहीत म्हणून ती वर्षभर पायरीवर बसून ऐकत होती. भावाच्या सगळ्या जागा तिला पाठ आहेत. केस टोपीखाली मावतील.

पुन्हा ता. क. वरचा सूर तिला लूशस स्वतः शिकवतो. शिकवून झालं की बॉयलरमागे जाऊन रडतो. पण पेटिफर्डबाईंची आरोळी त्या फुटक्या आवाजात हुबेहूब निघते, म्हणून स्टेजवर ती त्याच्याकडे दिली आहे. काल बाईंनी त्याला घरात बोलावून ती दोनदा ठोकायला लावली. म्हणाल्या, "अजून राग कमी पडतोय, बाळा."