शकुबाईच्या नावावरचं तांबं

पवनार,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय रुपेश,

जयभीम. गिरडला सासुरवाडीत तू बरा असशील. लहानीचा खोकला थांबला का? इकडे थंडी सुरू झाली. तुझा फोन आठ दिवसांपासून बंद येतो, म्हणून हे पत्र तुझ्या साळ्याच्या हाती देते आहे. तो आज वर्ध्याला कामाने आला होता.

आपलं भंगारचं दुकान बंद आहे. पोलिसांनी वजनकाट्याला सील लावलं. हे तुझ्या कानावर गेलंच असेल, नाहीतर फोन कशाला बंद ठेवला असतास?

जूनमध्ये पोलीस ठाण्यात सगळ्या भंगारवाल्यांची बैठक झाली होती, तेव्हा तूच मला घेऊन गेला होतास. तांबं-पितळ घ्यायचं तर विकणाऱ्याचं नाव, आधारची झेरॉक्स आणि गाडीचा नंबर वहीत लिहा, माल पुढे पाठवताना ट्रकसोबत बिल द्या, असं साहेबांनी बजावलं होतं. परत येताना तू म्हणालास, "ताई, आता भंगाराचीबी पत्रिका मांडतेत का हे?" आपण पवनारपर्यंत हसत आलो.

गेल्या महिन्यात त्या मंगळवारी तू टेम्पोत पोती घेऊन आलास. पहिलंच पोतं सोडलं तर जळक्या रबराचा वास आला. आत तांब्याची तार, काळी पडलेली. मी विचारलं, "कोणाची हाय?" तू म्हणालास, "मले का माहीत? आंजीच्या फाट्यावर एकानं भरून देल्ली. मी फक्त भाडं मारून राह्यलो." तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मीही पुढे विचारलं नाही.

एवढं तुझं झालं. आता माझं सांगते. ते तुला माहीत नाही.

तू गेल्यावर मी वही उघडली. तुझं नाव लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. ड्रॉवरमध्ये शकुबाईच्या आधारची झेरॉक्स होती. तीच शकुबाई, जी दहा वर्षांपासून पुठ्ठा आणि डबे वेचून आपल्याकडे आणते. मी तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा त्या ओळीवर तिचा अंगठा घेतला. तिने विचारलं, "कायचा हाय व बाई?" मी म्हटलं, "पुठ्ठ्याचाच."

हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले, रुपेश.

पुढे नागपूरच्या रस्त्यावर तपासणीत आपला ट्रक अडवला. केबल आंजीच्या नळयोजनेची निघाली. मोटर बंद पडून गावाला अकरा दिवस नळाचं पाणी नव्हतं. पोलीस दुकानात आले, वही घेतली आणि समोरच डबे उतरवणाऱ्या शकुबाईला गाडीत बसवलं. ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी सांगेन, असं तिला वाटलं असेल. मी गप्प उभी राहिले. संध्याकाळपर्यंत ती ठाण्याच्या बाकावर होती. सकाळी पुन्हा ये म्हणून तिला सोडलं.

सकाळी मी तिच्या आधी ठाण्यात पोचले. साहेबांना म्हटलं, "वहीतली ती ओळ खोटी आहे. मी लिहिली आहे. माल माझ्या भावाच्या टेम्पोतून आला."

ते म्हणाले, "तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल, बाई. समजतं का?"

"समजतं. पण आधी तिचं नाव काढा."

जबाब लिहून झाला. मी वाचून सही केली. बाहेर आले तर शकुबाई पायरीवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, हात जोडले. तिने आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "मले वाचता येत नाई, म्हणून माह्यं नाव लिवलं ना?"

मी म्हटलं, "हो."

ती उठून निघून गेली. तिचं आता कोणी नाव घेणार नाही, एवढं साहेबांकडून लिहून घेतलं. तिने मला माफ केलं की नाही, ते मी विचारलेलं नाही.

जामिनासाठी वकील पाहिला आहे. दुकान परत सुरू होईल की नाही, सांगता येत नाही. झालं तर वहीत खरं तेच लिहिलं जाईल, मग गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

साहेबांनी तुझा पत्ता विचारला. मी सोमवारपर्यंतची मुदत मागितली आहे. सोमवारी अकरा वाजता मी ठाण्याच्या फाटकाशी उभी राहीन. तू येजो. फाट्यावर पोती कोणी भरून दिली, त्याचं नाव तुलाच माहीत आहे. ते तुझ्या तोंडून सांगजो. मी तुझ्या बाजूच्या खुर्चीवर बसेन, शेवटपर्यंत बसेन.

आला नाहीस, तर गिरडचा पत्ता मी माझ्या हाताने लिहून देईन. आई गेल्यापासून तुझी प्रत्येक चूक मी झाकली. या वेळी झाकायला मी दुसऱ्या बाईचं नाव वापरलं. आता पुरे.

लहानीला माझा पापा दे.

तुला लहानाचं मोठं केलेली आणि सोमवारी तुझी वाट बघणारी,
तुझी ताई
सरिता